दादरीतला पशा

ता. १२ नोव्हें., ताकामात्सु
पोचलो. सौ.ची पावलं सुजलीत. पशाच्या ऑफिसातला शिंदे (नाशिकचा) घ्यायला आला होता. पशाची खोली आता दुसऱ्या कुणाला दिलीय, म्हणून खालूनच पाहिली. गॅलरीत कुणाची तरी चादर वाळत होती, सौ. तिच्याकडेच बघत राहिली. याच खोलीत झोपेत गेला तो. एकुलता पोरगा. अस्थी जूनमध्येच आल्या, तापीत सोडल्या. इथं आता आमचं काही नाही.
निघताना थोरले चुलतभाऊ नाना म्हणाले, "पोऱ्या जाईसन सा महिना नई व्हयनात, नि तुम्ही जपान फिराले चालनात?" होय, फिरायलाच आलोय. त्यानं फोटो पाठवले ती गावं सौ.ला बघायचीत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

ता. १४, ओनोमिची
चढावरचं गाव. खाली समुद्र, वर देवळं, मधे पायऱ्या नि मांजरं. पशाचा इथला फोटो आहे, मांडीवर मांजर घेऊन. सौ.नं ती पायरी शोधून काढली. मला सगळ्या पायऱ्या सारख्याच दिसल्या. तिथं बसली. एक मांजर आलं, वास घेतला, गेलं.
निम्म्या घरांना कुलपं. शिंदे म्हणाला, म्हातारे मेले, पोरं टोकियोला. मी म्हटलं, आमच्याकडची पुण्याला.

ता. १६, इया खोरं
डोंगर, वळणं, खाली हिरवी नदी. दोनदा उलटी झाली. शेवटच्या गावात बसथांब्यावर तिघं बसलेली. मी रामराम घातला. जवळ गेलो तर बुजगावणी.
गावात माणसंच उरली नाहीत, म्हणून गेलेल्यांची बुजगावणी करून ज्याच्या त्याच्या जागी बसवलीत. ओट्यावर, शेतात, बंद शाळेत वर्गभर पोरं. सौ. शाळेत शिरली ती निघेना. बघतो तर एका बाहुल्याची कॉलर नीट करत होती.
परतताना बसमध्ये डबा पोटभर खाल्ला तिनं. जूननंतर पहिल्यांदा. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

ता. ९ जाने., गाव
दादर ज्वारी निसवली. दाण्यावर पाखरं पडताहेत. आज सौ.नं वावरात बुजगावणं उभं केलं. जीन्स, निळा चौकटीचा शर्ट, कंपनीची टोपी. गेलेल्याचे कपडे घरात ठेवत नाहीत, मी स्वतः नदीवर नेऊन सोडले होते. हे तिनं कधी काढून ठेवले कुणास ठाऊक.
उंची त्याचीच. डावा खांदा जरा खाली, तोही त्याचाच. बांधावरून पाहिलं नि तसाच मागं फिरलो.

ता. २७ जाने.
नाना येऊन बरंच बोलून गेले. बाया त्या वाटेनं जात नाहीत म्हणे. सालदार एकटाच खूश, पाखरू फिरकत नाही. दादर निघाली की काढतो, असं नानांना सांगितलं. सौ. आतून ऐकत होती.
रोज न्याहारी घेऊन वावरात जाते. तिची की त्याची, विचारलं नाही.

ता. ११ मार्च
दादर कापली. मोकळ्या रानात तो आणखीच दिसतो, पार रस्त्यावरून. काढायला म्हणून गेलो. काठीला हात घातला. टोपी तिरकी झाली होती, ऊन थेट डोळ्यांवर. ती सरळ केली आणि परत आलो.

आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आदला दिवस
पशाची पहिली आखाजी. त्याच्या नावानं घागर भरायलाच हवी, नाहीतर गेलेला तहानलेला राहतो. कुंभाराची घागर आणून ठेवली. सौ. हात लावेना.
"जो वावरमा उभा शे, त्यानी घागर मी कशी भरू?"
ओरडलो मी. तो मेलाय, मेलाय म्हणून ओरडलो. हा शब्द आजवर तोंडातून काढला नव्हता. ती भाकरी थापत राहिली. एक करपली.

आखाजी
सौ.नं सकाळी आपणहून घागर भरली. वर डांगर (खरबूज), आंबे, सांजोऱ्या. पशाचं नाव घेऊन विस्तवावर घास टाकला. खूप रडली. मीही. नाना पुरणपोळी जेवले, तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. वाटलं, सुटली बिचारी. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.
संध्याकाळी वावरात गेलो. म्हटलं, आता काढून टाकू.
दोघं उभी होती. पशाच्या शेजारी सौ. हिरवं लुगडं, कडब्याच्या हातात विळा. त्याच्याकडे तोंड करून.

दुसरा दिवस
चहा देताना विचारलं, हे काय मांडलंय? घागर भरलीस ना काल?
"भरी ना. तो गया, माले समजस." मग म्हणाली, "एकलाच उभा व्हता तठे. मनं व्हयनं, आते तुमनं ऱ्हायनं. आपला मांघे शिवाले कोन शे?"
सरळ बोलली, जेवायला काय करू विचारावं तशी. मग टेप आणून माझे खांदे मोजले. मी हललो नाही. माप बरोबर यावं म्हणून श्वासही धरला.
दुपारपासून कपाट उघडून बसलोय. ती एकदा डोकावून गेली, घाई नाही म्हणाली. पांढरा सदरा लवकर मळेल. निळा अजून मी घालतो.