भोवऱ्याची बिननावाची लेक

अण्णा, काल शिनोलीच्या स्टँडवर एक पोरगा दुसऱ्याला "ए मडक्या" म्हणून हाका मारत होता आणि मला तुमची आठवण आली. पोराचं पोट होतं खरं मडक्यासारखं, पण तुम्ही इतक्या सोप्या नावावर भागवलं नसतं. गावातल्या प्रत्येकाला तुम्ही रूपावरून नाव दिलंत. लांब मानेची शेजारीण करकोची, चेहराभर पुटकुळ्यांचा गिरणीवाला कारलं. गावानेही तुम्हाला सोडलं नाही. वर ही मोठी ढेरी आणि खाली काटकुळे पाय, म्हणून तुम्ही भोवरा. कुणी रागावत नसे. उलट नाव पडलं की माणूस गावचा झाला, असंच सगळे धरून चालत. बिननावाची राहिले ती मी, तुमची सख्खी लेक. माझे पुढचे दात ओठ न जुमानता बाहेर आलेले, शाळेतल्या पोरी फावडी म्हणायच्या. तुम्ही मात्र नुसतं "बाय". माझा बाप माझ्याकडे धड बघतच नाही, असं वाटून मला फार लागायचं.

मला बघायला नारायणगावचे पाहुणे आले तो दिवस आठवतो? त्यांनी पारावर तुमचं खरं नाव विचारलं. तिथे बसले होते माझे चुलते. ते म्हणाले, "त्या नावाचं हितं कोन न्हाई, पावणं. मागं घोडेगावात इचारा." पाहुणे जीपकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाला मध्यस्थाने केलेलं तुमचं वर्णन आठवलं आणि त्याने हातांनी ढेरी काढून दाखवली. "आरं, मंग भोवरा म्हना की!" असं म्हणत तुमचा सख्खा भाऊ त्यांना घरी घेऊन आला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी आहे. तुम्ही नवऱ्या मुलाकडे एकटक बघताय. नाव ठेवायची ती नजर मला ठाऊक आहे. "पावणं," तुम्ही म्हणता, "कान लई झ्याक. आमच्यात असता तर सुपड्या म्हनलं असतं." आई कपाळाला हात लावते. मग मुलाची आई पदर तोंडाला लावून हसते, "आवं, घरी आमीबी सुपड्याच म्हंतो त्याला!" लग्न तिथेच ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी तुमच्यावर चिडले. म्हटलं, परक्या पोराला चहा निवायच्या आत नाव, आणि मला एवढ्या वर्षांत नाही? तुम्ही डोकं खाजवलंत. "थांब की बाय. सापडंल." पुढे माहेरी आले की उंबऱ्यातच विचारायचे, "सापडलं का?" तुम्ही माझा चेहरा न्याहाळायचात आणि "अजून न्हाई" म्हणत बैलांकडे जायचात. मी सासरी जाऊन सुपड्यावर राग काढायचे.

मग म्हातारपणी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा समोर मी होते. तुम्ही डोळे बारीक केलेत, मोठे केलेत आणि माझ्या दातांकडे असे बघत राहिलात, जणू कुणी तुमच्या लेकीला रातोरात बदलून टाकलंय. ओठ हलले. ती जुनी नजर आली, गालावर हसू आलं. आणि तुम्ही तोंड मिटलंत.

"चा टाक, बाय," म्हणालात.

नंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. हे लिहून मी कुठे पाठवणार? पण मी बघितलं होतं, अण्णा. नाव तुमच्या जिभेवर आलं होतं आणि माझ्यावरच्या मायेपोटी तुम्ही ते गिळलंत. मला ते हवं होतं.