मागे राहिलेली मेंढरं

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम. मी ठणठणीत आहे, पोटभर जेवते, काळजी नको.

तू सांगितलंस तसं पाळणाघरात मुलं झोपली की पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचते. परवा शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराला शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा वाचला आणि काल एक चिमुरडी फाटकातून निसटली. बाकीच्यांना तसंच सोडून मी तिच्यामागे धावले. कोपऱ्यावर सापडली. उचलून आणताना काय आनंद झाला म्हणून सांगू! आत येते तर एकाने दुसरीला कडकडून चावलेलं, सगळ्यांनी भोकाड पसरलेलं. मोठ्या बाईंनी मला फैलावर घेतलं, "एकीपायी बाकीची वाऱ्यावर सोडलीस?"

माझं तर डोकंच चालेनासं झालंय. मेंढपाळाने ती नव्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली गं? रानात सोडली, एवढंच लिहिलंय. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारशील?

दादा घरी आला का? की अजून त्याला शोधत फिरतेस? गुडघ्यांना जप. लहानपणी तू अशी त्याच्यामागे निघालीस की मी आणि ताई आतून कडी लावून बसायचो. तुझा फार राग यायचा.

काल जिला चावलं ती पोर मला बिलगून विचारत होती, "कुठे गेली होतीस तू?" तू काय सांगितलं असतंस?

तुझीच,
धाकटी