चार ओळी आणि टाकीभर दूध

रुशेरे, सोमवार

आदरणीय जोव्हलेट आत्या,

तुमचा हात दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून नमस्कार. गाई कशा आहेत? ती लांब शिंगांची तांबडी दूध देते की अजून रुसलेलीच आहे? वासरं, केळीची बाग, चर्चमधल्या बायका, तुमचा डावा गुडघा, सगळ्यांची खुशाली कळवा. मी मजेत आहे. जेवण जात नाही, झोप लागत नाही, बाकी मजेत. पत्रास कारण की, तसं कारण काही नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.

इथल्या दूध सोसायटीच्या टाकीसाठी मी डबा बनवला, हे तुम्ही गावभर सांगितलंच आहे. (कृपा करून आता जरा थांबा.) डब्यात एक चिमुकली चिप आहे. दूध किती गार झालं ते बघायचं आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, हे तिचं खरं काम. त्या भागाला आम्ही ‘मेन’ म्हणतो. लोकांना वाटतं, वीज आली की चिप लगेच मेनला लागते. कसली लागते. जागी होते तेव्हा तिला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. कुणीतरी आधी सांगावं लागतं की बाई, अर्धवट कामं इथं एकावर एक रचून ठेव, ठरलेले आकडे कायमच्या स्मृतीतून काढून इकडे मांड, आणि उरलेली सगळी पाटी पुसून शून्य कर. एवढं झालं की मग मेनला हाक मारायची. हे चिपच्या अगदी जवळच्या भाषेत, असेंब्लीत, लिहितात. एका ओळीत एकच बारीकसं काम. खरं तर ते तयार मिळतं. पण मला मेली हौस. (आपल्याकडे पाहुणा गाईंपासून सुरुवात करून अर्ध्या तासानं मुद्द्यावर येतो, त्याचा मला लहानपणापासून कंटाळा.) मी ती सुरुवात स्वतः लिहिली आणि पाटी पुसायच्या चार ओळी सरळ गाळल्या. म्हटलं, कशाला एवढी औपचारिकता.

माझ्या टेबलावर डबा झकास चालला. तिथं मी तो बटणानं पुन्हा सुरू करायचो, वीज कधी जायचीच नाही, त्यामुळे पूर्वी कधीतरी पुसलेली पाटी तशीच कोरी राहिली होती. सोसायटीत वीज खरीखुरी जाते. परत आली की पाटीवर वाटेल तो कचरा लिहिलेला असतो. हे माझ्या लक्षात आलं नाही, बिगिर्वाकाकांच्या आलं. ते एकोणीस वर्षं टाकी सांभाळतात. वीज आली की डबा वेड्यासारखे आकडे दाखवतो, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं. मग दर वेळी ते डब्यापुढं उभे राहून ‘सगळं पुसा’चं बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचे. मी ते पाहिलं आणि हसलो. म्हटलं, “काका, ती काय गाय आहे, रोज थोपटायला? बटणं दाबू नका. डबा आपलं आपण बघतो.” ते म्हणाले, “बरं, इंजिनिअरसाहेब.” आणि त्यांनी दाबणं सोडलं.

गेल्या गुरुवारी सकाळचं दूध टाकीत पडलं, वीज गेली, तासाभरानं आली. वीज आल्यावर कॉम्प्रेसरनं काही मिनिटं थांबायचं असतं; किती थांबून झालं, तो आकडा शून्यापासून सुरू व्हायला हवा होता. तिथं कचरा होता, भलामोठा उणे आकडा. त्या हिशेबानं कॉम्प्रेसर सुरू व्हायला अजून दोनशे बारा दिवस अवकाश होता, आणि माझी गुणाची चिप इमानेइतबारे थांबून राहिली. वर हिरवा दिवा चालूच. दुपारी लॉरीवाल्यानं दूध टिकलंय का बघायला कपभर दुधात स्पिरिट घातलं, दूध कपातच फाटलं, लॉरी रिकामी गेली. सोसायटीचे चेअरमन कटुंगी म्हणाले, म्हाताऱ्यानं बटणं दाबून डब्याची वाट लावली. (दाबताना सगळ्यांनीच पाहिलं होतं ना.) येत्या गुरुवारी सभासदांच्या बैठकीत काकांकडून किल्ल्या काढून घेणार आहेत.

मी त्या चार ओळी गुपचूप घातल्या. डबा आता ठीक आहे. मला कुणी चकार शब्द विचारलेला नाही. उलट चेअरमननी घरी बोलावून नाचणीच्या उकडीबरोबर एशाब्वे वाढलं, लोण्यातुपाचं, पांढरं, घट्ट, तुमच्या हातच्यासारखं. मी दोनदा घेतलं. मला लाज वाटते, आत्या. सांगायला म्हणूनच गेलो होतो, पण ते गाईंवर सुरू झाले, त्यांच्या, मग बाबांच्या, मग तुमच्या, आणि मुद्द्याची वेळ येईपर्यंत माझं अवसान गळालं.

गुडघ्याला गरम तूप चोळत जा.

तुमचा,
असाफ

ता. क. कारण आहे. कटुंगी शाळेत तुमच्या वर्गात होते आणि अजून तुम्हाला घाबरतात. गुरुवारी याल का? आधी तुम्ही उठा, मी कुणाचा मुलगा, किती हुशार, ते सांगा, जरा वातावरण तयार करा. मग मी उठून कबूल करतो. एकट्यानं सुरुवात होत नाही माझ्याकडून.

ता. क. २. आत्ता बिगिर्वाकाका आले होते. उद्या तुमच्या गावी जाणार, काही न्यायचं आहे का विचारत होते. त्यांच्या हाती हे पत्र द्यायला मन धजेना. दारातच, एका दमात सगळं सांगून टाकलं, तुम्हाला बोलावतोय तेही. विचारलं, मी बटण दाबू नका म्हटलं होतं, हे तुम्ही कुणाला का नाही सांगितलंत? म्हणाले, “तुझी नोकरी नवी आहे.” मग म्हणाले, “आत्याला कशाला त्रास? गुरुवारी आधी मीच उठतो. सांगतो, पोरगा चांगला आहे, माणसाकडून चूक होते. लोकांचा राग निवळला की मग तू बोल.” आणि पत्र खिशात घालायला हात पुढं केला. मी म्हटलं, दोन ओळी राहिल्यात, सकाळी देतो.

तर आत्या, याच. पण माझ्या वतीनं एक अक्षर बोलू नका. काकांच्या शेजारी बसा. ते उठायच्या आत मला उठायचं आहे. नाही उठलो, तर मागून ढकला.