दोनशे बाराचा ठिपका

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

बाबा भिंतीतून चालत गेले म्हणे!

दुपारी शेरिलचा फोन. बाबांच्या सीनियर होमची डायरेक्टर. इतकं गोड बोलते की डोकं फिरतं. म्हणे तीन आठवड्यांत अकरा वेळा बाबा शेजारच्या खोलीत 'आढळले'. त्यांची खोली २१२, शेजारची २१४. तिथे मिसेस हॅलोरन राहतात. त्या रोज दोन ते चार फिजिकल थेरपीला खाली जातात आणि नेमके तेव्हा बाबा त्यांच्या रिकाम्या खोलीत बसलेले असतात. हॅलोरनबाईंच्या मुलीने तक्रार केली आहे. 'फॉर हिज ओन सेफ्टी' बाबांना तिसऱ्या मजल्यावर हलवावं लागेल.

तिसरा मजला म्हणजे मेमरी केअर, स्मृतिभ्रंश झालेल्यांचा विभाग. दाराला कोड असतो आणि तो आतल्या माणसांना सांगत नाहीत. महिनाअखेरीला मीटिंग. तेव्हा माझी सही हवी.

मी विचारलं, कोणी डोळ्यांनी पाहिलं? नाही. सिस्टिमने पाहिलं. प्रत्येकाच्या मनगटावर टॅग, प्रत्येक खोलीच्या भिंतीवर अँकर नावाची पांढरी डबी. टॅग रेडिओचा सिग्नल सोडतो, अँकर ऐकतो, पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं आणि स्क्रीनवर माणसाचा ठिपका दिसतो. बाबांचा ठिपका म्हणे भिंतीतून सरळ २१४ मध्ये जातो. मला समजावून सांगत होती! मला! अगं बाई, ती सिस्टिम आमच्या कंपनीची आहे. त्यातलं निम्मं गणित माझं आहे.

मग बाबांना फोन केला. "मी माझ्या खोलीतच असतो गं. क्रॉस कनेक्शन असेल," म्हणाले आणि स्वतःच हसले. नागपूरला टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली त्यांनी. ऐंशी वय आहे, माणूस हसतोय, विनोद करतोय. आणि याला कुलपात ठेवायचं?

९ ऑक्टोबर, बुधवार

सिस्टिमचे लॉग, म्हणजे ठिपक्याच्या सेकंदासेकंदाच्या नोंदी, काढून पाहिले. एका सेकंदाला ठिपका २१२ मध्ये, पुढच्या सेकंदाला २१४ मध्ये. मध्ये ना दार ना कॉरिडॉर. सरळ भिंतीतून.

हे होऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक नियम लिहिला होता. माणूस भिंतीतून जाऊ शकत नाही. दार ओलांडलेलं दिसल्याशिवाय ठिपक्याने खोली बदलायची नाही. साधी गोष्ट. शोधलं तर नियम गायब! सॉफ्टवेअरच्या मागच्या रिलीजमध्ये काढून टाकलाय.

केदारला जाब विचारला. माझा मॅनेजर, पुण्याचा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. "यार मीनाक्षी, तुझ्या रूलमुळे डॉट अडकून बसायचा. कस्टमरला डॉट स्मूथ फिरताना हवा असतो." मी म्हटलं, डॉट नाही रे, माझे वडील आहेत ते. त्यावर म्हणतो, "पर्सनल नको ना घेऊस."

घेणार. पर्सनलच घेणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

अमेयचा फोन, फ्रिस्कोहून. धाकटा भाऊ असून सल्ले मात्र थोरल्याचे. "ताई, डेटा इज डेटा. तू डिनायलमध्ये आहेस." दीड वर्षात दोनदा आला बाबांना भेटायला. दोन्ही वेळा लॅपटॉप मांडीवर. याला काय माहीत बाबा कसे आहेत!

ठेवला फोन.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं!

दसरा. बाबांना श्रीखंड घेऊन गेले होते. जेवण झाल्यावर ते २१२ मध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. माझ्यासमोर, तीन हातांवर. मी फोनवर सिस्टिम उघडली. ठिपका २१४ मध्ये! बाबा इथे, ठिपका तिथे. ओरडलेच मी. बाबा म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

मग तासभर सिग्नल मोजायचा मीटर घेऊन खोलीभर फिरले. दारातून आत आलं की समोरच भिंतीत एक फळी आहे. बाकीचे लोक त्यावर प्लॅस्टिकची फुलं ठेवतात. बाबांच्या फळीवर आईचे स्टीलचे डबे आहेत. सात, मोठ्यावर छोटा असे रचलेले. आई गेल्यावर त्यांचं ट्रॉय गावातलं घर आवरलं तेव्हा बाबांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. डबे तेवढे राहू देत म्हणाले. आणि अँकर बरोब्बर त्यांच्या मागे! खुर्चीतून निघालेला सिग्नल स्टीलवर आपटतो आणि इकडून तिकडून वळसा घालून उशिरा पोचतो. शेजारची भिंत नुसती जिप्समची, तिच्यातून तो आरपार जातो. म्हणजे २१४ च्या अँकरला बाबा जवळ वाटतात, स्वतःच्या खोलीतल्याला लांब.

डबे. आईच्या डब्यांपायी माझ्या बापाला कुलपात घालणार होते! आणि होममध्ये एकालाही उठून वीस पावलं चालत जाऊन २१४ मध्ये डोकावावंसं वाटलं नाही. अकरा वेळा! स्क्रीन आहे ना, बघायचं कशाला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शेरिलला चार पानी मेल, आकृत्यांसकट. उत्तर दोन ओळींचं: थँक यू फॉर शेअरिंग, कंपनीकडून अधिकृत रिपोर्ट आल्यास विचार करू.

केदारला म्हटलं अँकर दुसऱ्या भिंतीवर हलवू या. "एक हलवला तर अख्खा फ्लोअर रिकॅलिब्रेट करावा लागतो. जानेवारीत बघू." मीटिंग महिनाअखेरीला आणि हा जानेवारीत बघणार! माझा नियम तरी परत घाल म्हटलं. तोही पुढच्या रिलीजमध्ये. "तू डबेच हलव ना, सिंपल!"

सिंपल. ठीक आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

डबे घरी आणले. बाबांना म्हटलं, दिवाळीचा चिवडा भरून परत आणते. "पोहे पातळ घे," एवढंच म्हणाले. मग रिकाम्या फळीकडे बघत बसले जरा वेळ. वाईट वाटलं, पण इलाज नाही.

आणि काय फरक! ठिपका खुर्चीवर जाऊन बसला. चूक फार तर एका वितीची. दोन तास बसून मोजलं. एकदाही भिंत ओलांडली नाही.

घरी आल्यावर डबे घासले. सर्वांत मोठ्यावर अजून नाव दिसतंय, टोचून टोचून ठिपक्यांनी घातलेलं: सौ. नीला गु. टिपणीस. आईच्या लग्नातला सेट. भांडी हरवू नयेत म्हणून तेव्हा सगळ्यांवर नाव घालत. अमेयच्या किंवा माझ्या घरात एका वाटीवरही नाव नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शेरिलच्या केबिनमध्ये आधीचे लॉग आणि नंतरचे लॉग शेजारी शेजारी ठेवले. तिचा चेहरा बघण्यासारखा होता! "आय सी," म्हणाली. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही एका माणसाला वेडा ठरवायला निघाला होतात. मॅडम म्हटलं तरी आवाज चढला होता, बाहेरच्या रिसेप्शनिस्टने मान वर केली.

ठरलं. दोन आठवडे लक्ष ठेवणार. ठिपका २१४ मध्ये गेला नाही तर विषय बंद.

जाणार कसा? परतताना ४०५ हायवेवर अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकले, तरी गाणं म्हणत होते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

अमेयला लिहिलं: डेटा इज डेटा. त्याने अंगठा पाठवला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शेरिल. आवाज नेहमीपेक्षा गोड. सोमवारपासून चार वेळा. २१४.

 केदारवर तुटून पडले, आणखी काय काढलंत माझ्या कोडमधून? तो म्हणाला, "काहीच टच केलं नाही, देवाशपथ." खोटारडा! शेरिलला म्हटलं, तुमच्या लोकांनी फळीवर दुसरं काहीतरी ठेवलं असणार. ती म्हणाली, फळी रिकामी आहे. मी म्हटलं, मग अँकर बिघडलाय. मग टॅग बिघडलाय. मग तुमचं होमच बिघडलंय!

लॉग उघडले.

लिफ्ट. कॉरिडॉर. २१२ चं दार, पण आत नाही. पुढे. २१४ चं दार. आत.

या वेळी भिंतीतून नाही. दारातून. चारही वेळा.

बंद केलं. बघायचं नाहीये मला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले होते. अडीच वाजता. २१२ मध्ये कोणी नाही.

दुपारी साफसफाईसाठी सगळी दारं उघडी असतात. २१४ मध्ये बाबा खिडकीजवळ हॅलोरनबाईंच्या खुर्चीत बसले होते, त्यांची गुलाबी शाल पायांवर घेऊन. मी दारात उभी. "ये ना मीनू, बाहेर का उभी? आपल्याच घरात लाजतेस काय?"

 शाल घडी करून ठेवली. बाबांना हाताला धरून २१२ मध्ये आणलं. ते आत येऊन सगळीकडे बघत होते. "ही खोली कोणाची गं?"

सगळ्या खोल्या सारख्या. तीच खिडकी, तीच खुर्ची, तीच फळी. तरी कोणी विसरतं का स्वतःची खोली!

२६ ऑक्टोबर, शनिवार

माझाच राग येतोय. वीस वर्षं खरा सिग्नल कोणता आणि नुसता गोंगाट कोणता हे वेगळं करायचा पगार घेतेय. आणि बाबांचा सिग्नल समोर होता तरी मी डब्यांवर ढकलत बसले. गेल्या वर्षी माझ्याकडे असताना गॅस चालू राहिला — थकले असतील. मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली — जीभ घसरली असेल. सगळ्याला माझ्याकडे उत्तर तयार! शेरिलवर ओरडले, केदारला खोटारडा म्हटलं. अमेय बरोबर होता. हे लिहितानाही दातओठ खातेय मी.

२७ ऑक्टोबर, रविवार

अमेयला फोन केला. सगळं सांगितलं. तो रडला. लॅपटॉप मांडीवर असेल असं वाटलं होतं. नव्हता बहुतेक.

मंगळवारी सही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

चिवडा केला. पातळ पोह्यांचा. डबे भरले. बाबांना सांगितलेलं तेवढं तरी खरं करते. वरच्या मजल्यावर काय काय नेऊ देतात कोण जाणे.

केदारची माफी मागायला हवी. आज नाही मागितली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

धनत्रयोदशी. सही चारला होती. दीडलाच पोचले, डबे फळीवर रचले, खुर्चीत बसले.

बाबा जेवून लिफ्टमधून एकटेच आले. दोन्ही दारं उघडी. २१२ च्या दारात थांबले. मला वाटलं आता पुढे जाणार. मी हाकसुद्धा मारली नाही. तर सरळ आत आले, फळीशी गेले आणि मोठ्या डब्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, सौ. नीला गु. टिपणीस. मग मागे वळून म्हणाले,

"आपली पाटी कोणी काढली होती गं?"

मी, बाबा. मी काढली होती.

फोन उघडला. बाबा माझ्यासमोर चिवडा खातायत आणि ठिपका २१४ मध्ये.

सही केली नाही. शेरिलला फोन केला. म्हटलं, स्क्रीन बंद करा आणि तुम्ही स्वतः वर या. लिफ्टपासून वीस पावलं आहेत.