साखर उतरल्यावर

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मी अजून तुमचीच वाक्यं स्वतःची म्हणून खपवते. आज त्यातल्याच एका वाक्याने घोळ केला, म्हणून लिहायला बसले.

सकाळी धुळ्याला आमच्या आयसीयूत शिंदखेड्याकडची एक शाळकरी मुलगी आली. लहानपणापासूनचा मधुमेह, दोन दिवस उलट्या, रक्तात आम्ल साचलेलं, छाती भात्यासारखी चाललेली. आईनेच इन्सुलिन थांबवलं होतं. "पोर काहीच खात नई, मंग सुई कसाले टोचानी?" त्या माउलीला मी जवळ बसवून समजावलं, की आजारपणात तर इन्सुलिन मुळीच सोडायचं नसतं. मग सलाईन, पोटॅशियम पाहून इन्सुलिनचा पंप, सगळं रीतसर चाललं. दुपारी साखर दोनशेपर्यंत उतरली आणि माझ्या ज्युनियरने पंप बंद केला. पोरीचा श्वास पुन्हा चढला. मी पंप पुन्हा सुरू केला. मी सगळ्या नातेवाइकांसमोर त्या ज्युनियरला फाडून खाल्लं. "साखर उतरली, पण आम्ल उतरलं का? अक्कल गहाण ठेवलीस?"

अक्कलेचं वाक्य माझं, त्याआधीचं तुमचं. जळगावला तुमच्या हाताखाली असताना मीही अगदी हेच केलं होतं. तुम्ही मला कोपऱ्यात नेऊन हळूच तेवढंच विचारलंत, आणि साखर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोजचं सलाईन जोडून, आम्ल उतरेपर्यंत चालवायला पंप स्वतः सुरू केलात. पेशंटचे वडील बिथरले, साखरेच्या पेशंटला साखरेचं सलाईन कसं? तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात, "नाना, मी आठेच बशेल शे, आनि ह्या बाईबी." आणि खरंच तिथेच बसलात, मलाही बसवून. पेशंटचा श्वास बसल्यावर तुमच्या डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवलीत. "खा. उपाशी डॉक्टर जास्त चुकतो." मला तुमचा राग आला होता, इतके तुम्ही चांगले वागलात.

मुलगी सुधारतेय, सर. आम्लही उतरलं. मघाशी आईला म्हणाली, "भूक लागनी." ज्युनियर मात्र तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसून आहे, सकाळपासून उपाशी. आईची आणि या ज्युनियरची चूक एकच होती, नको तेव्हा इन्सुलिन थांबवलं. आईला मी जवळ घेतलं आणि हिला चारचौघांत सोलून काढलं. माझाही डबा तसाच आहे, तो घेऊन जाते तिच्याकडे. शिकवताना मी जळगावची ती चूक 'एका डॉक्टरची' म्हणून सांगते. ती डॉक्टर कोण, हे आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही.