खबर देणार – कोतवाल

भंडारा,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. आनंदराव काकांना,
सुगतचा जय भीम.

दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, याबद्दल माफी असावी. प्रतिक्षाच्या लग्नात तुम्ही कोतवालबाबांच्या गोष्टी काढल्या आणि मी "नंतर, काका" म्हणत जेवणाच्या रांगेत गेलो, तो आज उगवतो आहे. (रांग लांब होती, पण तेवढी नव्हती.) गुडघा कसा आहे? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? आसगावात धान कापून झालं असेल.

मी मात्र संतापलेला आहे, आणि हा संताप तुमच्यापुढे मांडतो, कारण बाकी सगळीकडे मांडून झाला. आपल्या मूळ गावच्या ग्रामपंचायतीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाव सांभाळणाऱ्यांचा फलक लागतो आहे. पेंटर सोमवारी येणार. मालगुजार आहे, पटवारी आहे, शाळेचे मास्तर आहेत (ते तर सहाच महिने होते). तुमचे आजोबा, माझे पणजोबा, ज्यांनी ती सगळी वर्षं गावची कोतवाली केली, ते नाहीत. सरपंच भूपेंद्र हसून म्हणाला, "कोतवाल का अधिकारी असते का जी? मुनादी देनारा, दवंडी पिटनारा मानूस तो!" मी म्हटलं, हुकूम कागदावर यायचा, पण गावात फिरायचा तो पायांनी, ते पाय कोणाचे? तो म्हणाला, "मंग पुरावा आना, नाव टाकतो."

म्हणून काल रजा टाकून तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. (रजेचं कारण 'घरगुती' लिहिलं. हे खोटं तर नाही ना, याचा बसमध्ये तासभर विचार केला.) १९४३ चं कोतवाल बुक मागितलं. कोतवालबाबांना अक्षरओळख नव्हती. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की ते ठाण्यापर्यंत चालत जाऊन खबर सांगायचे आणि मुन्शी लिहून घ्यायचा. एकसष्ट नोंदी सापडल्या. नाव, बापाचं नाव, जात, मेला असेल तर रोग. आणि शेवटच्या रकान्यात एकसष्ट वेळा: 'खबर देणार – कोतवाल'. बाबांचं नाव एकदाही नाही! गावात बैलांना नावं होती हो काका! मग एकोणचाळिसावी नोंद आली. देवका, वय दोन महिने, ताप. बाप – कोतवाल. खबर देणार – कोतवाल. स्वतःच्या लेकीची खबर घेऊन तो माणूस तेवढीच वाट चालला, आणि त्या मुन्शीला त्या दिवशीसुद्धा नाव विचारावंसं वाटलं नाही! मी टेबलावर हात आपटला, मुन्शीच्या सात पिढ्या काढल्या. तेव्हा तिथल्या कारकून रिताबाईंनी (१९४३ शी बिचारीचा काय संबंध!) शांतपणे मला एक प्रश्न विचारला. तो इतका झोंबला की मी फाईल उचलली आणि तडक बाहेर पडलो.

आपला,
सुगत

ता. क. : फाईल त्यांची होती. बसस्टँडवरून परत जाऊन दिली, क्षमा मागितली.

ता. क. २ : रिताबाईंचा प्रश्न असा होता: "साहेब, नाव का होय जी तुमच्या पणजाचं? दुसऱ्या बुकात पाहून देऊ." घरात सगळे 'कोतवालबाबा'च म्हणायचे. समोर माझा अर्ज होता, त्यातही मी सुवाच्य अक्षरात तेच लिहिलेलं: 'आमचे पणजोबा, कोतवाल'. मुन्शीला निदान ते परके होते.

लग्नात तुम्ही सांगतच होता. काका, त्यांचं नाव काय होतं?

उद्याचं काम: हे पत्र पोस्टात न टाकता, स्वतः आसगावला नेणे.