प्रतिष्ठापनेआधीचं विसर्जन

महानगर, लखनौ
भाद्रपद, १९९७

तीर्थरूप हणमंतमामांच्या चरणी, अजून नीट न वाळलेल्या नंदकुमारचा साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका म्हणावं. लोणच्याची बरणी खाली आणून ठेवली की त्या आपोआप चढायच्या थांबतील. इकडे मी, शर्वरी आणि आई सुखरूप आहोत. तुम्ही पाठवलेले बाप्पाही सुखरूप आहेत. हे शेवटचं वाक्य दिसतं तितकं सोपं नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आईची अट तुम्हाला ठाऊकच आहे. मिरजेतल्या घरातले देव तुमच्याकडे ठेवून ती आली, तेव्हाच मी समजलो की बाईसाहेब परतीच्या बोलीवर आल्यात. इथली सब्जी पाणचट, इथल्या चहात साखरेचा पाक, आणि इथल्या गणपतीच्या मूर्ती तर तिला पैलवानासारख्या वाटतात. "मिरजेचा शाडूचा गणपती चतुर्थीच्या दुपारपर्यंत पाटावर बसला तर बघू. नाहीतर चारबागला जाऊन माझं तिकीट काढ," असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. मामा, खरं सांगतो, बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटी चूल पेटवते ही कल्पना मला जेवू देत नाही. तिनं इथंच राहावं एवढी एकच इच्छा धरून मी बाप्पांची वाट बघत होतो.

बाप्पा वेळेवर आले, पण चुकीच्या टोकाला. संकेत (तुम्ही ज्याच्या हाती मूर्ती दिलीत तो, आमच्या बँकेतला, गुणी मुलगा, पण डोक्यानं सावकाश) आदल्या संध्याकाळी चारबागला उतरला. पाऊस कोसळत होता, म्हणून मूर्ती घेऊन तो थेट जानकीपुरमला आपल्या घरी गेला. सकाळी उठून बघतो तर घराभोवती तळं. शेजाऱ्याच्या फोनवरून म्हणाला, "साहेब, मूर्ती कोरडी आहे, पण मी अडकलोय." अशा वेळी माणसाला कशाचा आधार असतो? जीपचा! लष्कराच्या लिलावातली ही जीप मी घेतली तेव्हा "नांगरायला घेतलीस का?" असं तुम्ही विचारलं होतंत. आज त्याचं उत्तर देतो. जाताना मी पंख्याचा पट्टा काढून ठेवला (नाहीतर पंखाच पाणी उडवून इंजिन भिजवतो), पहिला गियर टाकला, एक्सिलेटरवरचा पाय न उचलता, न थांबता, मडगार्ड बुडेल इतक्या पाण्यातून पार झालो. शर्वरी शेजारी डोळे मिटून बसली होती. मी तिला दोनदा म्हटलं, बघ तरी. नाही बघितलं.

परतीला शर्वरीच्या मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, त्यांच्या तोंडावर रीतीप्रमाणे रुमाल, माझ्या डोक्यावर काळी टोपी. उंदीर तुम्ही वेगळा कागदात बांधून दिला होतात, तो सीटखाली ठेवला. मधल्या कोरड्या रस्त्यावर इंजिन तापू लागलं, म्हणून पट्टा पुन्हा चढवला. आणि पुढं नाला रस्त्यावर आलेला दिसला तेव्हा तो उतरवायचा साफ विसरलो. (टोपीनं डोकं गरम होतं, हे मी शर्वरीला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं नाही.) बरोबर मध्यावर इंजिननं दोन आचके दिले आणि मान टाकली. पाणी जीपच्या आत घोट्यापर्यंत आलं.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बॉनेट उघडलं, तोवर काठावर गर्दी जमली. पाण्याच्या मधोमध गाडी, गाडीत गणपती! कुणीतरी "गणपति बप्पा मोरया" म्हणालं आणि सवयीनं शर्वरीनंही साथ दिली. तिथंच घात झाला. छत्री धरलेले एक सभ्य गृहस्थ पाण्यातून चालत आले आणि अदबीनं म्हणाले, "भाभीजी, आप क्यों तकलीफ़ करती हैं? लाइए, हम यहीं सिरा देते हैं." (इकडे देवाला पाण्यात सोडणं म्हणजे सिराना.) मी ओरडलो, "भाई साहब, ये जा नहीं रहे, अभी तो आ रहे हैं!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समझते हैं भैया. दिल नहीं मानता. अगले बरस फिर आएँगे." लखनौच्या माणसाशी भांडता येत नाही मामा, तो आपल्यापेक्षा हळू बोलतो. शर्वरी घाबरून रडू लागली, तर बायका तिला धीर द्यायला पाण्यात उतरल्या. आठ-दहा हात पाटाकडे आले. माझ्या डोळ्यांपुढे आईची बांधलेली वळकटी उभी राहिली.

शेवटी शर्वरीच हुंदके देत म्हणाली, "घर पर अम्मा बैठी हैं. उन्होंने अभी दर्शन भी नहीं किया!"

"अरे, अम्मा ने दर्शन नहीं किया? तो पहले बताना था ना!" असं म्हणून त्या गृहस्थांनी छत्री मिटली आणि सगळ्या गर्दीनं मोरयाच्या गजरात जीप पलीकडे ढकलून दिली. इंजिन कोरडं करायला फडकं नव्हतं. मी बाप्पांच्या तोंडावरच्या रुमालाकडे एकदाच बघितलं. शर्वरीनं माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही. टोपीनं पुसलं.

आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. गणपती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात ना! तिनं माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि तरीही घातलं. बारा वाजायच्या आत बाप्पा पाटावर बसले. आरतीला मी आनंदानं दोन कडवी चुकलो. आता आई रोज पहाटे आमच्या आधी उठून बाप्पांपुढे हलक्या हातानं काहीतरी झटकत, पुसत बसते. भक्तीच म्हणायची.

पत्र चिकटवायला आईकडे देतोय. चष्म्याशिवाय तिला अक्षर लागत नाही, म्हणून खाली मोकळेपणानं लिहितो.

तुमचा,
नंदकुमार

ता. क. : उंदीर वाचला नाही. सीटखालच्या पाण्यात त्याचा चिखल झाला. "उंदीर मागच्या पिशवीत आहे" असं आईला सांगून शर्वरी स्वयंपाकघरात शिरली आणि मोदकांच्या उरलेल्या उकडीचा उंदीर करून, वरून कॉफी चोळून घेऊन आली. कृपा करून तोंडातून शब्द काढू नका.

आणखी ता. क. : खरी विनंती पुढेच आहे. आईला दोन ओळी लिहा की मिरजेत ताप-खोकला फार आहे, इतक्यात येऊ नकोस. तुमचं ती ऐकते.

ती. दादास यमूचा नमस्कार. नवा चष्मा शर्वरीनं गेल्याच आठवड्यात करून दिलाय, नंदूच्या लक्षात नाही. उंदीर उकडीचा आहे हे मला पहिल्याच रात्री कळलं. शाडूला मुंग्या लागत नाहीत. रोज पहाटे झटकते, पोरांना कळू देत नाही. पोरगी बिचारी किती धडपडली! तू ताप-खोकल्याचं खोटं काही लिहू नकोस. कुणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर माझे देव पाठवून दे. संकेतबरोबर नको.